नवव्या दिवसाचं रोंदोन

आमच्या टेकडीवर कोणी गेलं की दोन ठिकाणी निरोप जायचा. एक पाळकांकडे आणि दुसरा मिस अर्वेलाकडे. त्यातला घाईचा कुठला, हे विचारू नका. पाळकांना यायला उशीर झाला तर लोक सावलीत बसून वाट बघत, गेलेल्या माणसाचीही काही तक्रार नसे. पण नवव्या दिवसाच्या जेवणाचं रोंदोन रांधायला मिस अर्वेला येणार की नाही हे ठरेपर्यंत जिवंत माणसांच्या जिवाला चैन पडत नसे.

अर्वेला पोमारे ही उंच, हाडापेरानं मजबूत आणि तोंडानं फटकळ बाई. सान आंद्रेस बेटावर चर्चच्या खालच्या वळणाला तिचं निळं लाकडी घर होतं. शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी ती घरासमोर टेबल मांडायची. खेकड्याचं सारण भरलेले पॅटी, नारळाच्या दुधात पीठ मळून भाजलेले जॉनी केक, कसावाचा चिकट गोड केक आणि गवती चहाचं मोठं भांडं. रविवारी टेबल बंद. देवाच्या दिवशी विकायचं नाही, असं तिच्या आजीनं सांगून ठेवलं होतं. ही आजी जमैकातल्या पोर्ट अँटोनियोहून शिडाच्या गलबतातून आली, तेव्हा तिच्याबरोबर एक बायबल आणि एक बिडाचं तीन पायांचं भांडं होतं. बायबल वाळवीनं खाल्लं. भांडं राहिलं.

त्या भांड्यात अर्वेला रोंदोन शिकली. शिकवणं म्हणजे आजीनं हातावर पळी मारणं. रोंदोन ढवळायचं नसतं. तळाला कठीण वस्तू रचायच्या, कोनफळ, कसावा, नीरफणस, कच्ची केळी. मग खारवलेली डुकराची शेपटी आणि दगडानं ठेचून मऊ केलेलं शंखातलं मांस. त्यावर पिठाचे लांबट गोळे, सगळ्यात वर मासा, आणि नारळाचं दूध. अख्खी बोनेट मिरची वर तरंगत ठेवायची आणि फुटायच्या आत काढायची. फुटली तर आजीचा दुसरा फटका. अर्वेला नऊ वर्षांची होईपर्यंत तिची मिरची फुटायची बंद झाली होती.

शाळेत मात्र तिचं काही जमलं नाही. तिथं समुद्रापलीकडच्या मोठ्या देशातून, ज्याच्या ताब्यात आमचं बेट आहे तिथून, आलेल्या कॅथलिक जोगिणी शिकवायच्या, स्पॅनिशमध्ये. घरची भाषा तोंडातून निघाली की उन्हात गुडघ्यांवर बसवायच्या. एकदा एका जोगिणीनं तिचा डबा उघडला आणि वर्गासमोर नाक दाबलं. "हे माणसं खातात?" तिनं विचारलं. सगळा वर्ग हसला, अर्वेलाच्या मामाची मुलगीसुद्धा, जिच्या डब्यात अगदी तेच होतं. त्या दिवसापासून अर्वेलानं मोठ्या देशातून आलेल्या प्रत्येक माणसाच्या नावानं बोटं मोडली. आमच्याकडे त्यांना पान्या म्हणतात. ती हा शब्द नुसता म्हणायची नाही, थुंकायची.

आणि नशीब बघा, शेजारी आली ती पान्याच. नुरिस. कार्ताहेनाकडची, बुटकी, गोल, अखंड बोलणारी. नवऱ्याच्या मागं बेटावर आली, नवरा वर्षभरात दुसरीच्या मागं गेला, ही राहिली. कुंपणापलीकडं तिनं कढई मांडली आणि अंड्याचे आरेपे तळायला लागली. मक्याच्या पिठाची जाड पुरी फुगली की बाहेर काढायची, कडेला चीर द्यायची, आत कच्चं अंडं सोडायचं आणि पुन्हा तेलात टाकायची. सकाळी सहाला तिच्याकडं मोटारसायकलींची रांग लागायची.

"टेकडीचा वास बिघडवला हिनं," अर्वेला म्हणायची.

"तेल माझं, नाक तुझं, शेजारीणबाई. बंद कर," नुरिस कुंपणावरून ओरडायची.

तीस वर्षं हे असं चाललं. त्या तीस वर्षांत नुरिसनं अर्वेलाच्या मुलीच्या, जोलेटच्या, अंगातला ताप उतरेपर्यंत तीन रात्री जागून काढल्या, आणि वादळात नुरिसचं छप्पर उडालं तेव्हा ती बारा दिवस अर्वेलाच्या घरात राहिली. पण चारचौघांत अर्वेलानं तिला कधी मैत्रीण म्हटलं नाही. चारचौघांत ती पान्याच होती.

आता त्या रिवाजाचं सांगायला हवं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरच्या बाईनं नऊ दिवस चुलीला हात लावायचा नाही. तिनं ओसरीवरच्या खुर्चीत बसायचं आणि लोकांनी आणून दिलेलं खायचं. नवव्या दिवशी बाहेरची कोणी तरी बाई अंगणात चूल मांडते, रोंदोन रांधते, आणि पहिली वाटी खुर्चीतल्या बाईच्या हातात देते. तिनं पहिला घोट घेतल्याशिवाय कोणी चमचा उचलायचा नाही. ती बाहेरची बाई म्हणजे अर्वेला. पस्तीस वर्षं. अशा किती वाट्या तिनं दिल्या याचा हिशोब तिच्याकडं नव्हता, पण तोंडं सगळी लक्षात होती. मिस मेव्हरी, चर्चच्या बायकांची पुढारीण, आईच्या शवपेटीवर माती पडतानाही हातातली वही सोडत नव्हती. कोणी किती फुलं आणली ते लिहीत होती. नवव्या दिवशी अर्वेलानं वाटी दिली, मेव्हरीनं एक घोट घेतला आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. अर्वेला तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. तेव्हा तिच्या मनात आलं होतं, आपल्यालाही एक दिवस कोणी तरी अशी वाटी देईल. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. असलं सांगायचं नसतं, हक्काचं असतं ते.

तिचा नवरा आल्फर्ड आधी गलबतावर खलाशी होता, मग धक्क्यावर मुकादम. मधुमेहानं आधी त्याचा एक पाय नेला, दोन वर्षांनी सबंध आल्फर्ड. शेवटच्या वर्षात त्याला घरचं बेचव लागायचं, मीठ नाही, साखर नाही. मग तो कुबडी टेकत मागच्या दारानं नुरिसकडं जायचा आणि आरेपा खायचा. अर्वेलाला ठाऊक होतं. तेलाचे हात तो कुबडीलाच पुसायचा.

"काय खाल्लंस?"

"वारा," तो म्हणायचा.

तिला त्याचा राग यायचा आणि नुरिसचा त्याहून जास्त. डॉक्टरनं बजावलं असताना ही बया तळलेलं खाऊ घालते! एकदा ती भांडायलाच गेली. नुरिस शांतपणे म्हणाली, "अगं, त्याला आता कितीसे दिवस राहिलेत? हसून जाऊ दे की." अर्वेला तडक घरी परतली. मग आठवडाभर ती तिच्याशी बोलली नाही.

आल्फर्ड गेला तो मंगळवारी. जोलेट बोगोटाहून विमानानं आली, दफन झालं, आणि पाचव्या दिवशी परत गेली. रजा नव्हती. "मम्मा, नवव्याला सगळी टेकडी असेल तुझ्याबरोबर," विमानतळावर ती म्हणाली.

सगळी टेकडी होतीच. पहिल्या आठ दिवसांत पाव आले, कॉफी आली, कोणी मक्याची पेज आणली. खोटं कशाला बोला. अर्वेला खुर्चीत बसायची, चार घास गिळायची. डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नाही. बायका कुजबुजत, "दगडाची आहे." ती दगडाची नव्हती. ती वाट बघत होती. नवव्या दिवशी वाटी हातात आली की मग रडू, असं तिनं मनाशी धरलं होतं. तोवर आवरायचं.

नवव्या दिवशी पहाटे उठून तिनं पांढरा झगा घातला, केस बांधले आणि खुर्चीत येऊन बसली.

आठ वाजता मच्छीमार वेल्सी आला. हातात दोन मोठे लाल मासे. "मिस अर्वेला, आल्फर्डसाठी ताजे आणलेत," असं म्हणून त्यानं ते तिच्या पायांशी पाटीत ठेवले आणि टोपी काढून बाजूला जाऊन बसला. मग कोणी शंखातलं मांस आणलं. कोणी नारळ आणले, वीसेक असतील. नीरफणस आले, कोनफळ आलं, खारवलेली शेपटी आली, कच्च्या केळ्यांचा अख्खा घड आला. एकानं लाकडं आणून रचली, एवढंच नव्हे, तीन दगडही मांडून दिले. टेकडीनं कशात म्हणून कसूर केली नाही. प्रत्येकानं आपापली वस्तू आणली आणि पस्तीस वर्षं जिथं ठेवत आले तिथंच ठेवली, अर्वेलापुढं.

दहा वाजले. पुरुष डॉमिनो मांडून बसले. बायका भिंतीलगत. अर्वेला एकेकीकडं बघत होती. आता ही उठेल. नाही. मग ती उठेल. शेपटी भिजत घालायला हवी होती, एव्हाना उकळी फुटायला हवी होती. माशांवर माश्या बसायला लागल्या. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

अकराच्या सुमाराला मिस मेव्हरी आली. काळी टोपी, पांढरे हातमोजे, काखेत वही. अंगणाकडं एक नजर टाकून ती म्हणाली, "अगं बाई, अजून चूल पेटली नाही? अर्वेला, बरं आहे ना तुला?"

"मला काय धाड भरलीय," अर्वेला म्हणाली.

"मग? चर्चमध्ये पाचला भजनं आहेत. त्याआधी जेवणं व्हायला हवीत."

"मेव्हरी, आज..." अर्वेला थांबली. हे वाक्य तिनं आयुष्यात कधी बोललं नव्हतं आणि ते कसं संपवायचं तिला माहीत नव्हतं. "आज कोणी तरी दुसरं..."

"दुसरं?" मेव्हरी मोकळेपणानं हसली. त्यात काही वाकडं नव्हतं, हेच तर दुखणं आहे. "तुझ्या हाताशिवाय? आल्फर्डला चाललं असतं का ते? अगं, आम्हाला साधी मिरची सांभाळता येत नाही. तू सांग, आम्ही नारळ खवतो."

भिंतीलगतच्या बायकांनी माना डोलावल्या. "खरंय बाई." "मिस अर्वेलासारखं कोणाला जमतंय." एकीनं तर आधीच खवणी पुढं ओढली.

कौतुकानंही माणसाचा गळा दाबता येतो. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून दाबला. एकाच्याही ध्यानात आलं नाही की आज ही रांधणारी नाही, आज हिच्या घरातलं माणूस गेलंय. आणि अर्वेलाही काही कमी नव्हती. "मला वाढा," एवढे दोन शब्द म्हणाली असती तर मेव्हरी शरमेनं अर्धी झाली असती. पण मागून मिळालेली वाटी तिला नको होती. ती उठली. पांढऱ्या झग्यावर जुना एप्रन बांधला आणि आजीचं भांडं बाहेर काढलं.

तीन वाजेपर्यंत अंगणभर नारळाच्या दुधाचा वास सुटला होता. अर्वेला चुलीपुढं उकिडवी बसून पळीनं वरची मिरची सांभाळत होती, धुरानं डोळे लाल झाले होते, आणि "बघा, आता कुठं रडतेय बिचारी," असं कोणी तरी म्हणालं. ओसरीवरची खुर्ची रिकामी होती म्हणून चर्चचे वयस्क डीकन तिच्यात जाऊन बसले. गुडघे दुखतात त्यांचे.

तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून नुरिस आली. टॉवेलात गुंडाळलेलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं तिनं पोटाशी धरलं होतं, तोंड घामानं निथळत होतं. अंगणाच्या मधोमध येऊन तिनं चुलीकडं पाहिलं, मग अर्वेलाच्या एप्रनकडं, मग खुर्चीतल्या डीकनकडं.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली. "तू का रांधतेयस?"

तिनं पातेलं चुलीशेजारी टेकवलं.

"अर्वेला, ठेव ती पळी. ऊठ. म्हातारबाबा, तुम्ही पण उठा. बस तू तिथं. मी सानकोचो केलंय, आमच्याकडचा कोंबडीचा रस्सा. आज तू बसून खायचंस."

अर्वेलाच्या हातातली पळी थांबली. नऊ दिवस, नव्हे पस्तीस वर्षं, जे ऐकायला ती थांबली होती ते अगदी ह्याच शब्दांत कोणी तरी बोललं होतं. ती खरंच उठणार होती.

मग मिस मेव्हरीनं भिंतीपासून विचारलं, "नवव्याला सानकोचो?"

आणि कोणी तरी खुसकन हसलं. डॉमिनोच्या टेबलावरून वेल्सी म्हणाला, "आल्फर्डचा आत्मा वाट चुकेल की हो. जायचं स्वर्गात आणि पोचेल कार्ताहेनाला." आता सगळेच हसले. वाईट हेतूनं नव्हे. आम्ही हसतो तेव्हा आमचा हेतू कधीच वाईट नसतो.

अर्वेलाला ते हसू पाठीवर जाणवलं. पातेल्याच्या झाकणाखालून कोथिंबिरीचा, मक्याच्या कणसाचा वास येत होता, परक्या घरचा. अंगण तिच्याकडं बघत होतं. नाक दाबणाऱ्या जोगिणीपुढं हसणाऱ्या वर्गात आपण कुठल्या बाजूला बसायचं, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं.

"नुरिस, हे घरी ने," ती म्हणाली. "आमच्यात नवव्याला हे चालत नाही."

"आमच्यात?" नुरिसनं विचारलं.

"आमच्यात."

नुरिसकडं नेहमी शब्दांचा पाऊस असायचा, आज त्यातला एकच थेंब पडला. "बरं," ती म्हणाली. पातेलं पुन्हा पोटाशी धरून, रस्सा हिंदकळू नये म्हणून पावलं जपून टाकत ती फाटकातून बाहेर गेली.

रोंदोन उत्तम झालं. असं आम्ही सगळे म्हणालो. पहिली वाटी भरून अर्वेला उभी राहिली आणि तिला कळेना कोणाला द्यावी. रिवाज म्हणतो खुर्चीतल्या माणसाला. खुर्चीत डीकन होते. तिनं वाटी डीकनना दिली. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. "मीठ जरा कमी," ते म्हणाले, "पण छान." मग चमचे वाजायला लागले. दुसऱ्यांदा मागणारे होते, तिसऱ्यांदा मागणारेही. मेव्हरीनं घरी असलेल्या बहिणीसाठी डबा भरून घेतला. पाच वाजायला दहा मिनिटं असताना सगळे वर चर्चकडं निघाले. जाताना प्रत्येकानं अर्वेलाचा हात हातात घेतला, आल्फर्ड भाग्यवान असं सांगितलं.

तिनं भांड्यात पाहिलं. तळाला नारळाची जळकी साय होती, माशाचा एक काटा होता. सकाळपासून पोटात कॉफीच्या एका कपाशिवाय काही नव्हतं. वरून भजनाचे सूर यायला लागले. ती एप्रन न सोडताच कुंपणाच्या फाटकाकडं गेली.

नुरिस मागच्या पायरीवर बसून पातेलं घासत होती.

"उरलंय का गं थोडं?" अर्वेलानं विचारलं.

नुरिसनं मान वर केली नाही. "नाही. खाली रस्त्यावर मजूर खणत होते, त्यांना वाढलं. पुसून खाल्लं."

"सगळं?"

"मग काय करायचं होतं? अंडी देणारी कोंबडी कापली होती मी. फेकून देऊ?"

अर्वेला पायरीच्या कडेला टेकली. तिला बरंच बोलायचं होतं. मेव्हरीबद्दल, डीकनबद्दल, आपल्या जिभेबद्दल. तोंडून फक्त एवढंच निघालं, "भूक लागलीय मला."

आता नुरिसनं तिच्याकडं पाहिलं, नीट, बराच वेळ. धुरानं काळवंडलेला पांढरा झगा पाहिला, भाजलेलं बोट पाहिलं. तिच्या घरात पीठ होतं, तेल होतं, टोपलीत अंडी होती. एक आरेपा तळायला तिला किती वेळ लागतो हे अर्ध्या बेटाला ठाऊक आहे.

"मी तुझ्यासाठी आणलं होतं," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी नव्हतं आणलं. तुझ्यासाठी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अर्वेला भांडली असती, आणि भांडण झालं असतं तर दोन दिवसांनी मिटलंही असतं. "जा आता घरी. मला पहाटे उठायचंय."

तिनं पातेलं निथळत उपडं ठेवलं, हात झग्याला पुसले आणि आत जाऊन दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला. तीस वर्षांत त्या मागच्या दाराला संध्याकाळी कडी घातल्याचं अर्वेलानं ऐकलं नव्हतं.

ती पायरीवरच बसून राहिली. वर आम्ही आल्फर्डसाठी मोठ्यानं गात होतो. नऊ दिवसांत ती पहिल्यांदाच रडली, आणि त्या रडण्यात आल्फर्ड फार थोडा होता.